पाव आणि पँव: पोर्तुगीज स्वर तोंडात घडवायचे कसे

आपला पाव पोर्तुगीजांबरोबर आला, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांच्या तोंडी मात्र तो आजही 'पँव' आहे. स्वर तोंडातून आणि नाकातून एकदम येतो, ओठ शेवटाकडे गोल होत जातात, पण मिटत नाहीत. मराठीनं शब्द घेतला आणि नाकाचा वाटा सोडून दिला. लिलावाचं मूळ 'लेयलँव', हापूसच्या मुळाशी असलेलं नाव 'अफोँसु'; तिथंही तेच झालं. आता उलट बाजूनं पाहा. पोर्तुगीजांनी कोकणी माणसाच्या तोंडून 'मडगांव' ऐकलं आणि त्यातला 'गांव' लिहायला आपल्या पावातलाच स्वर वापरला: 'मर्गँव'. आपला 'गांव' त्यांना आपल्याच स्वरासारखा ऐकू आला.

पोर्तुगीज शिकणाऱ्या मराठी माणसाला मला हेच सांगायचं आहे. या भाषेचे बरेचसे स्वर आपल्या तोंडात आधीपासून आहेत, पण भलत्याच शब्दांत, भलत्याच अक्षरांखाली. ते शोधताना अक्षरांकडे पाहून चालत नाही. जीभ, जबडा, ओठ आणि पडजीभ या चौघांकडे पाहावं लागतं. पोर्तुगीज लिपीत स्वरांची अक्षरं पाच. पण आघात असलेल्या, म्हणजे शब्दात जिथे जोर पडतो त्या, जागी तोंडी स्वर सात, नाकातले पाच, आणि पोर्तुगालमध्ये मुख्यतः आघात नसलेल्या जागी आणखी दोन आवाज ऐकू येतात. पाच अक्षरांत हे सगळं कोंबलेलं असल्यानं नुसतं वाचून शिकणारा हमखास अडतो.

लेखनाबद्दल एक खुलासा करतो. पुढे पोर्तुगीज शब्द देवनागरीतच दिले आहेत. त्यांतली चंद्रकोर (पॅ, अव्हॉ) 'उघडा' स्वर दाखवते, पण तो आपल्या 'बॅट'मधल्या स्वराइतका उघडा नाही. चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातही न्यायचा. त्यापुढे म किंवा न म्हणायचा नाही.

आधी नळी ओळखा

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी म्हणजे स्वरमार्ग. प्रौढ पुरुषात ही नळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते, स्त्रियांमध्ये १४ ते १५. खाली स्वरतंतू थरथरतात तेव्हा निघतो तो नुसता गुणगुणाट. त्यात ना 'ई' असतो ना 'आ'. स्वर घडतो तो वरच्या नळीत. नळाखाली कळशी भरत आली की पाठ फिरवलेली असली तरी आवाजावरून कळतं, कारण आतली हवेची जागा लहान झाली की घुमणारा सूर चढतो. तोंडातही हेच चालतं. फरक इतकाच, की जीभ या कळशीचे दोन भाग करते, एक जिभेच्या मागे घशाकडे आणि एक पुढे ओठांकडे. म्हणून तोंडात एकाच वेळी अनेक सूर घुमतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात, आणि स्वर ओळखायला मुख्यतः पहिले दोन पुरतात.

हे दोन्ही सूर कोणत्याही यंत्राशिवाय ऐकता येतात. मला या दोन प्रयोगांनी जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही तक्त्यानं शिकवलं नाही, म्हणून पुढे जाण्याआधी ते कराच.

पहिला प्रयोग टिचकीचा. जड पेटी उचलताना घसा आतून बंद होतो, तसा श्वास रोखा. तोंड 'ई' म्हणण्याच्या स्थितीत ठेवा, आवाज काढू नका, आणि गळ्याच्या बाजूला, कंठमण्याच्या थोडं वर, बोटानं हलकी टिचकी मारा. 'टप' असा पोकळ आवाज येईल. आता तोंड 'ए', मग 'आ' करून टिचक्या मारा. सूर चढत जातो. पुढे 'ओ', 'ऊ' केलंत की तो पुन्हा उतरतो. हा पहिला फॉर्मंट: जबडा जेवढा खाली आणि जीभ जेवढी खाली, तेवढा हा सूर वर.

दुसरा प्रयोग कुजबुजीचा. स्वरतंतू न वाजवता, कानात बोलल्यासारखं ई, ए, आ, ओ, ऊ म्हणा. सूर पायरीपायरीनं खाली येतो. हा मुख्यतः दुसरा फॉर्मंट. जीभ पुढे असली की तो उंच राहतो. जीभ मागे गेली आणि ओठ गोल होऊन पुढे आले की नळी लांबते आणि तो उतरतो.

टिचकीनं जिभेची उंची तपासायची, कुजबुजीनं पुढे-मागे. पुढच्या प्रत्येक पायरीत ही दोन साधनं लागतील.

पहिली पायरी: एकाचे दोन 'ए'

आपल्याकडे 'ए' एकच. पोर्तुगीजमध्ये दोन, आणि त्यांच्यावरून अर्थ बदलतो. मिटका 'ए' म्हणजे जवळजवळ आपला 'एक'मधला. उघडा 'ए' मात्र आपल्या 'एक' आणि 'बॅट' यांच्या अधेमधे बसतो. मराठी माणूस इथे दोन चुका करतो. दोन्ही जागी 'एक'चा 'ए' म्हणतो, किंवा फरक करायचा म्हणून थेट 'बॅट'वर उडी मारतो.

आरशासमोर उभे राहा. 'ई' म्हणायला सुरुवात करा आणि आवाज न तोडता, पाच-सहा सेकंदांत, अगदी सावकाश 'आ'पर्यंत या. जबडा हळूहळू उतरताना पाहा. वाटेत आधी ओळखीचा 'ए' लागेल. तिथून करंगळीच्या टोकाएवढं अंतर आणखी खाली आलात की उघडा 'ए'. तिथे थांबा. ओठ ताणलेले नकोत, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं असू द्या. टिचकी मारा, सूर 'ए'पेक्षा वर आणि 'आ'पेक्षा खाली हवा.

मग शब्द घ्या. 'एल' म्हणजे तो, इथे 'ए' मिटका. 'ॲला' म्हणजे ती, इथे उघडा. 'पॅ' म्हणजे पाऊल. 'पे' हे प या अक्षराचं नाव. 'सेद' म्हणजे तहान आणि 'सॅद' म्हणजे मुख्यालय, आणि ही दोन्ही लिहायला अगदी सारखी. शेवटची जोडी मुद्दाम घेतली. लेखन काहीही सांगत नसताना तोंडाला फरक माहीत असावा लागतो.

दुसरी पायरी: दोन 'ओ', आणि आजोबांची टोपी

इथली सगळ्यांत प्रसिद्ध जोडी घरातलीच आहे. 'अव्हॉ' म्हणजे आजी, 'अव्हो' म्हणजे आजोबा. लिहिताना आजोबांच्या 'ओ'वर टोपीसारखी खूण असते आणि आजीच्या 'ओ'वर तिरकी रेघ. टोपीवाले ते आजोबा, हे मराठी माणसाला वेगळं पाठ करावं लागत नाही. टोपी म्हणजे मिटका स्वर आणि तिरकी रेघ म्हणजे उघडा, हा नियम 'ए'लाही लागू आहे.

मिटका 'ओ' आपल्या 'ओठ'मधला, पण ओठ जरा जास्त गोल आणि पुढे. आपण मराठीत ओठांच्या बाबतीत आळशी असतो. कुजबुजून पाहा: ओठ पुढे काढले की सूर लगेच उतरतो. उघड्या 'ऑ'साठी ओठांची गोलाई सोडायची नाही, फक्त जबडा एक टप्पा खाली न्यायचा. मराठी तोंड जबडा उतरवताना गोलाईही सोडून देतं आणि स्वर 'आ'कडे घसरतो. आरशात ओठांचं वर्तुळ पाहत राहिलात तर ही चूक लगेच दिसते.

हा स्वर जवळून ऐकायचा असेल तर गोव्यातल्या माणसाला 'घर' म्हणायला सांगा. कोकणीतला तो 'अ' मराठीतल्यापेक्षा गोल आणि मागचा असतो. रोमी लिपीत तर 'घर' लिहिताना 'ओ'चंच अक्षर वापरतात. तो स्वर पोर्तुगीजच्या उघड्या 'ऑ'चा सख्खा शेजारी आहे. घरात कुणी गोव्याकडचं असेल तर त्यांच्याच तोंडून ऐकून सराव करा.

यात एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. 'ओव्हु' म्हणजे अंडं, अनेकवचन 'ऑव्हुश'. 'नोव्हु' म्हणजे नवा, 'नॉव्हा' म्हणजे नवी. आत मधला स्वर का बदलतो? लॅटिनमध्ये 'नवा' या शब्दाच्या शेवटी 'उ' होता. पुढे 'उ' येणार म्हणून जीभ आधीच वर सरकायला लागे, आणि मधला 'ओ' मिटका झाला. 'नवी'च्या शेवटी 'आ' होता. तिथे जिभेला घाई नव्हती, म्हणून स्वर उघडाच राहिला. व्याकरणातला नियम म्हणून आपण जे पाठ करतो ती कधीकाळची जिभेची पूर्वतयारी आहे. नाम आणि क्रियापद यांतही असा फरक सापडतो. 'गोश्तु' म्हणजे चव, आवड. 'गॉश्तु' म्हणजे मला आवडतं.

तिसरी पायरी: पगारातला 'अ' आणि पगारातला 'आ'

इथे आपण जन्मापासून तयार आहोत. पोर्तुगीज 'पगार' या क्रियापदाचा अर्थ पैसे देणं. लिस्बनच्या उच्चारात त्याचा पहिला स्वर आखूड आणि अर्धाच उघडा, दुसरा पूर्ण उघडा, कारण आघात दुसऱ्यावर. मराठीनं हा फरक 'अ' आणि 'आ' लिहून नेमका टिपला. 'बटाटा'ची सुरुवातही तशीच. पोर्तुगीज लिपीत मात्र दोन्ही जागी एकच अक्षर.

त्यांचा आखूड 'अ' आपल्या 'अ'पेक्षा किंचित खालचा, आणि शब्दाच्या शेवटीही तोच येतो. तिथे आपण चुकतो. त्यांच्या 'बताता'चा शेवटचा स्वर आपल्या बटाट्याच्या 'टा'सारखा लांबवू नका; जबडा अर्ध्यावर सोडून द्या. लिस्बनच्या प्रमाण उच्चारात या फरकावर काळही अवलंबून असतो. 'फलमुश'मधला आघाताचा स्वर आखूड 'अ' असेल तर 'आम्ही बोलतो', पूर्ण 'आ' असेल तर 'आम्ही बोललो'. ब्राझीलमध्ये हा भेद उच्चारात नाही.

चौथी पायरी: गिळलेले स्वर

लिस्बनच्या माणसाचं बोलणं प्रथम ऐकणाऱ्याला नुसती व्यंजनंच कानावर आदळल्यासारखी वाटतात. आघात नसलेल्या जागी 'ओ'चा 'उ' होतो. 'पोर्तुगाल' ऐकू येतं 'पुर्तुगाल'सारखं. आणि 'ए' तर जवळपास नाहीसाच होतो: 'टेलिफोन'चा 'त्ल्फॉन', 'पेकेनु' म्हणजे लहान, त्याचा 'प्केनु'.

घाबरू नका, हे आपणही करतो. आपण 'करवत' लिहितो आणि 'कर्वत्' म्हणतो. लिहिलेला स्वर न म्हणण्याची सवय मराठीला चांगलीच आहे. फक्त पोर्तुगीजमध्ये ती याहून जोरात चालते.

'ए' पूर्ण गळत नाही तेव्हा उरतो एक विलक्षण आवाज. तो असा काढा: 'ऊ' म्हणा, जीभ जागची हलू देऊ नका, आणि ओठांची गोलाई काढून टाका. मग जीभ केसभर पुढे आणा. जबडा जवळजवळ मिटलेला, ओठ सैल. हा आवाज मोठ्यानं म्हणायचा नसतोच. दोन व्यंजनांमधली ती एक फट आहे. 'चावी'चा पोर्तुगीज शब्द आज लिस्बनमध्ये 'शाव्ह' असा ऐकू येतो आणि शेवटी हीच फट असते. ब्राझीलमध्ये तिथे स्पष्ट 'इ' आहे, आपल्या चावीसारखी.

म्हणूनच कुठला उच्चार शिकायचा हे सुरुवातीलाच ठरवा. ब्राझीलचा उच्चार मराठी कानाला सोपा जातो, कारण तिथे स्वर बरेचसे उघडे राहतात. पण गोव्यातल्या जुन्या पिढीशी बोलायचं असेल किंवा लिस्बनला जायचं असेल, तर गिळलेले स्वर टाळता येणार नाहीत.

सरावासाठी शब्दातल्या आघाताच्या जागी टेबलावर थाप मारा. थापेवरचा स्वर पूर्ण म्हणा, बाकीचे चोरून.

पाचवी पायरी: नाकाचा दरवाजा

आता पँव. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो नाकाचा दरवाजा आहे. तोंड मोठं उघडून आरशात पाहा आणि 'आ' म्हणा. पडजीभ वर उचलली जाते, दरवाजा बंद. तोंड तसंच उघडं ठेवून नाकानं श्वास घ्या; ती खाली येते, दरवाजा उघडा. ही हालचाल पाच-दहा वेळा करा, म्हणजे तिच्यावर ताबा येऊ लागतो.

नाकातल्या स्वरासाठी हा दरवाजा उघडा ठेवून तोंडातूनही हवा सोडायची. म किंवा न म्हणताना तोंड कुठेतरी बंद होतं. इथे ते बंद होता कामा नये. 'सीँ' म्हणजे हो, 'बोँ' म्हणजे चांगला, 'ऊँ' म्हणजे एक. लिहिताना तिन्हींच्या शेवटी 'म' आहे, पण ओठ मिटले की चूक झाली. गोव्याच्या गावांच्या नावांत ही चूक कायमची घर करून बसली आहे. पेडणें, केपें, सांगें या कोकणी नावांच्या शेवटी नाकातला स्वर आहे. पोर्तुगीजांनी तो प्रामाणिकपणे ऐकला आणि त्यांच्या पद्धतीनं शेवटी 'म' लिहून नोंदवला. तो 'म' ओठ मिटण्यासाठी नव्हता. पुढे इंग्रजी वळणानं वाचणाऱ्यांनी ओठ मिटले आणि 'पेर्नेम', 'केपेम', 'सांगेम' झालं. मराठीत तर १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वारच काढून टाकले, आणि 'नांव', 'गांव'वरचा टिंब गेला. ज्यांच्या आजीच्या बोलण्यात तो टिंब ऐकू यायचा, त्यांनी तो आठवून पाहावा. इथे तो कामाचा आहे.

प्रमाण मराठीतही हा स्वर एका जागी जिवंत आहे. 'हंस' म्हणा. आपण 'हन्स' म्हणत नाही. मध्ये नाकातला 'व' येतो, 'हँव्स'. 'संशय', 'संस्था' यांतही तोच. आता 'स' सोडून द्या: 'हँव'. 'ह'च्या जागी 'प' ठेवा: 'पँव', पाव. 'म' ठेवा: 'मँव', हात. इतकंच. शब्दाच्या शेवटी ओठ गोल झालेले आणि उघडे आहेत ना, आरशात पाहा.

मालवणी आणि कोकणी बोलणाऱ्यांकडे आणखी एक तयार साचा आहे: 'खंय'. त्यातला 'ख' काढून 'म' लावला की 'मँय', म्हणजे आई. 'ब' लावला की लिस्बनच्या उच्चारातला 'बँय', म्हणजे ठीक, चांगलं. माझ्या मते नाकातल्या जोडस्वरांसाठी याहून चांगला गुरू नाही.

तपासायचं कसं? स्वर लांबवून म्हणा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. 'आ' म्हणताना काही बदलणार नाही. 'पँव'चा स्वर मात्र एकदम कोंडल्यासारखा होईल. किंवा नाकाखाली थंड आरसा धरा: नाकातल्या स्वरानं तो धुरकटतो, तोंडी स्वरानं जवळजवळ नाही. या जोड्या घेऊन तपासा: 'ला' म्हणजे तिथे, 'लँ' म्हणजे लोकर, 'व्ही' म्हणजे मी पाहिलं, 'व्हीँ' म्हणजे मी आलो, 'माव' म्हणजे वाईट, 'मँव' म्हणजे हात, 'मुदु' म्हणजे मुका, 'मूँदु' म्हणजे जग.

दोन बारकावे. पोर्तुगालच्या आवेइरो विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोलणाऱ्यांचा स्वरमार्ग टिपून नाकातल्या स्वरांचा बराच अभ्यास केला आहे. हे स्वर सुरुवातीपासून नाकात नसतात. पहिला भाग बहुतेक वेळा तोंडी असतो आणि दरवाजा मागाहून उघडतो. म्हणून स्वराच्या पहिल्या क्षणापासून नाकात बोलू नका, ते सर्दी झाल्यासारखं ऐकू येतं. दुसरं, 'मुइतु' म्हणजे खूप, हा रोजचा शब्द. त्यात नाकाची कुठलीही खूण लिहिलेली नाही, तरी उच्चार 'मूँयतु' असाच आहे.

इथे उघड्या-मिटक्याची काळजी करू नका. नाकातले स्वर पाचच आहेत. नाकाची पोकळी जोडली गेली की तिचे स्वतःचे सूर मिसळतात, पहिला फॉर्मंट पुसट होतो, आणि उंचीचे बारीक फरक कानाला नीट पकडता येत नाहीत.

सहावी पायरी: आवाज मोजून पाहणं

१९३६ साली कोइंब्रा विद्यापीठात आर्मांदो दे लासेर्दा यांनी प्रायोगिक ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. तेव्हा ज्यासाठी खास यंत्रं लागत, ते आज ॲम्स्टरडॅम विद्यापीठातून आलेल्या 'प्राट' या मोफत सॉफ्टवेअरवर घरी करता येतं. शांत खोलीत 'पे' आणि 'पॅ', 'अव्हो' आणि 'अव्हॉ' पाच-पाच वेळा रेकॉर्ड करा. फॉर्मंटची कमाल मर्यादा पुरुषांसाठी ५००० हर्ट्झ, स्त्रियांसाठी ५५०० ठेवा. स्वराच्या अगदी मधल्या भागावर कर्सर ठेवून पहिले दोन आकडे लिहून घ्या.

पोर्तुगालमधल्या पुरुषांच्या आवाजात पहिला फॉर्मंट अंदाजे असा असतो: 'ई' ३००, मिटका 'ए' ४००, उघडा 'ए' ५००, 'आ' ६०० ते ७००, मग मागच्या बाजूनं उघडा 'ऑ' ५००च्या आसपास, मिटका 'ओ' ४००च्या आसपास, 'ऊ' ३००. दुसरा फॉर्मंट 'ई'ला २३००च्या जवळ, 'ऊ'ला ७००च्या जवळ. स्त्रियांचे आकडे वर असतात, मुलांचे आणखी वर, कारण नळी आखूड. म्हणून माझे आकडे तुमच्यावर लादू नका. स्वतःच्याच 'पे' आणि 'पॅ'ची तुलना करा. पहिल्या फॉर्मंटमध्ये शंभरेक हर्ट्झचा फरक पडत असेल तर स्वर वेगळे झाले. तीस-चाळीसच पडत असेल तर जबडा अजून उतरत नाहीये; पुन्हा आरसा घ्या. 'ऊ' आणि 'ओ' मोजताना सॉफ्टवेअर कधी दोन जवळचे फॉर्मंट एकच समजतं. आकडा विचित्र वाटला तर आपल्या कुजबुजीवर विश्वास ठेवा.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पहिला आठवडा फक्त 'ए' आणि 'ओ'च्या जोड्या, दुसरा नाकाचा दरवाजा, गिळलेले स्वर शेवटी, कारण आघाताचे स्वर पक्के नसताना बाकीचे गिळले तर शब्दच उरत नाही. दोन आठवड्यांनी दहा चिठ्ठ्या करा, पाचांवर आजी, पाचांवर आजोबा. चिठ्ठी उचलायची, शब्द म्हणायचा, आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या कुणाला तरी फोनवरून फक्त ऐकून सांगायला लावायचं, कोण आलं. दहापैकी नऊ बरोबर आले की पुढच्या जोडीकडे वळा.